पडलेल्या उंबरापासून दोनशे मीटर

सान होसे शहरात रस्त्यांना नावं आहेत आणि घरांना नंबरही आहेत. फक्त ते कुणी वापरत नाही. पत्ता विचारला की लोक एखादी खूण सांगतात आणि तिथून मीटर मोजायला लावतात. त्यामुळे कालजीवशास्त्राच्या बाराव्या आंतरराष्ट्रीय परिषदेची प्रवासमाहिती लिहिताना केतकी बिवलकरला चौथं कलम असं लिहावं लागलं : ‘सभागृह उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेस आहे. हा उंबर चाळीस वर्षांपूर्वी पडला असून त्या जागी आता चपलांचे दुकान आहे. टॅक्सीचालकास उंबरच सांगावा. दुकान सांगितल्यास त्याचा गोंधळ उडतो.’

पाचव्या कलमात विजेच्या सॉकेटला लागणाऱ्या चपट्या पिना होत्या. सहाव्यात सभागृहातल्या कर्णयंत्रांची माहिती होती : ‘सभागृहात कोणत्याही भाषेत उच्चारलेला प्रत्येक शब्द सर्वांना आपापल्या भाषेत ऐकू जातो. खासगी बोलणे कृपया बाहेर करावे.’ सातव्यात दुपारच्या पावसासाठी छत्री, आठव्यात नळाचं पाणी. असली माहिती कुणी वाचत नाही, हे केतकीला आठ वर्षांच्या अनुभवाने पाठ झालं होतं. ती मूळची पुण्याची. इथल्या विद्यापीठात परिषदा आणि पाहुणे यांची कामं बघायची. एक्केचाळीस देशांतले प्रतिनिधी आपापल्या सोयीच्या वेळी प्रश्न पाठवत आणि दहा मिनिटांत तिचं उत्तर जाई. ही बाई झोपते कधी, असा प्रश्न मात्र कुणाला पडला नव्हता.

नववं कलम कालवटीचं होतं. ते दाखवायला ती मार्सेला सोलानोच्या प्रयोगशाळेत गेली.

मार्सेला परिषदेची अध्यक्ष. मेंदूची डॉक्टर, यजमानपद विद्यापीठाकडे आलं म्हणून अध्यक्षपद तिच्या गळ्यात पडलं होतं. तिने कलम दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“मला लहान मुलाला सांगतात तसं सांग. या गोळीने शरीरातलं घड्याळ एका दिवसात बारा तास फिरतं. मान्य. मग ती कधी घ्यायची यावर दोन पानं कशाला?”

“कारण कधी घेतली यावरच सगळं आहे,” केतकी म्हणाली. “दिवसातून एकदा अंगाचं तापमान सर्वांत खाली जातं. बहुतेकांचं पहाटे, उठायच्या दोनेक तास आधी. तो तळक्षण. त्याच्या आधी वटी घेतली तर घड्याळ मागे जातं, नंतर घेतली तर पुढे.”

“आणि बरोबर तळक्षणीच घेतली तर?”

केतकीने टेबलावर ठेवलेली आपली चावीची साखळी उचलून बोटाला अडकवली आणि झुलवली. “हा झोपाळा समज. धक्का कधी दिलास त्यावर तो लवकर येतो किंवा उशिरा येतो. पण एक क्षण असा असतो की बरोबर तेवढाच, बरोबर उलटा धक्का बसला तर...” तिने दुसऱ्या हाताने टिचकी मारली. साखळी जागच्या जागी लटकून राहिली. “थांबतो. घड्याळ पुढे नाही, मागे नाही. बंद.”

“मग माणूस मरतो?”

“छे. माणूस चालतो, बोलतो, कामं करतो. तापमानाची रेषा सपाट होते, एवढंच. गाढ झोप नाही, खरी जाग नाही. भूक लागते, पण जेवायची वेळ झाली असं कधी वाटत नाही. वीस मिनिटं डोळा लागतो, वीस मिनिटांनी उघडतो. संध्याकाळ होते ती खिडकीत. अंगात होत नाही.”

“उन्हाने सुरू होत नाही परत?”

“उन्हाचा धक्का हलका पडतो. दुसरी वटी लागते. थांबलेल्या झोपाळ्याला काय, कुठूनही, कधीही ढकला, तो हलतो. ते शेवटच्या पानावर लिहिलंय. प्रत्येकाला दोन वट्या आहेत, एक येतानाची, एक परतीची.”

मार्सेला तिच्याकडे बघत राहिली. “हे तुला इतकं बारीक कसं माहीत?”

केतकीने साखळी खिशात टाकली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं.

प्राध्यापक श्रीरंग माटेगावकर हे नाव आता जगाला माहीत होतं. कालवटीचे जनक. तेव्हा ते पुण्याच्या एका संस्थेत होते आणि केतकी त्यांची संशोधक विद्यार्थिनी होती. तळघरातल्या खोल्यांत स्वयंसेवकांना ठेवायचं, प्रत्येकाच्या दंडाला तापपट्टी लावायची आणि तळक्षणाच्या आगेमागे अर्ध्या अर्ध्या तासाने वटी देऊन बघायचं, असा प्रयोग होता. चार वर्षं ते तळघर केतकीने सांभाळलं. तळक्षणाचा नियम तिला सापडला. शेवटी फक्त एक जागा रिकामी उरली, बरोबर तळक्षणाची. सतरा नंबरचा स्वयंसेवक आयत्या वेळी आलाच नाही. सर म्हणाले, “अगं, तूच घे, एका वटीचा तर प्रश्न आहे.” तिने घेतली आणि तिची रेषा सपाट झाली.

ती रेषा प्रबंधात घालायची म्हणून केतकीने हट्ट धरला. वटी माणसाला बंदही पाडते, हे जगाला कळलं असतं तर वटीचं काय झालं असतं, हे सरांना बरोबर समजलं. चौकशी बसली. सरांनी सांगितलं की पट्टी मुलीच्या अंगावर नव्हतीच. गरम पाण्याच्या पिशवीला चिकटवून तिने नोंद बनवली. तळक्षणाचा नियम सरांच्या नावावर छापून आला. केतकीच्या नावावर एक ओळीचा ठराव आला : ‘या संशोधिकेची साक्ष कोणत्याही शास्त्रीय व्यासपीठावर ग्राह्य धरू नये.’ खाली सरांची सही. आणि पुन्हा कुणी अशी लबाडी करू नये म्हणून सरांनी एक नियम घालून दिला, तो आज सगळीकडे माटेगावकर-निकष म्हणून शिकवतात.

“म्हणजे तू अजून...” मार्सेलाने वाक्य अर्धवट सोडलं.

“अजून. तीन महिने झाले, वट्यांचं पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. घेतली की सुरू होईन. पण मग दाखवायला काय राहील? हे अंग एवढाच माझा पुरावा आहे.”

मार्सेला उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. “आणि तो माणूस तीन आठवड्यांनी इथे सन्मान घ्यायला येतोय.”

“येतोय. येताना स्वतः वटी घेणार, तापपट्टी लावणार आणि उद्घाटनाच्या भाषणात सगळ्यांसमोर नोंद उघडून दाखवणार. त्याच्याच आग्रहावरून ती भाषणापर्यंत सीलबंद ठेवायची आहे.”

“तुझ्या कलमातल्या तक्त्याप्रमाणे घेईल ना?”

“तक्ता म्हणतो, पाच दिवस पट्टी लावून स्वतःचा तळक्षण मोजा. सरांचं सूत्र म्हणतं, मोजायची गरज नाही. उठायच्या वेळेत दोन तास मिळवा आणि घ्या. सर साडेपाचला उठतात. सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पहाटेच्या महतीवर त्यांची व्याख्यानं असतात. म्हणजे वटी साडेसातला.”

“मग?”

“सर साडेपाचला गजराने उठतात, मार्सेला. मनाने नाही. साडेनऊपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आम्हा मुलांना ठाऊक होतं. एक नंबरचे स्वयंसेवक तेच होते. त्यांचा तळक्षण मी मोजलाय, साडेसात. मला म्हणाले, यंत्र बिघडलंय, साडेतीन लिही. मी लिहिलं. तेवढी एक खोटी नोंद मात्र माझ्या हातची आहे.”

मार्सेला खुर्चीत बसली. “त्यांना कळव. आजच.”

“कळवलंय की. कलम नऊ, जाड ठशात. स्वतःचा तळक्षण मोजल्याशिवाय वटी घेऊ नये. गजराने उठणाऱ्यांनी सूत्रावर विसंबू नये.”

“मग खाली माझी सही घालू. तुझं नाव दिसलं तर तो उलटच करेल.”

“प्रवासमाहिती मी लिहिली आहे,” केतकी म्हणाली. “सही माझीच राहील.”

मार्सेलाने कागद तिच्यापुढे सरकवला. केतकीने पूर्ण नाव लिहिलं, केतकी अनंत बिवलकर, आणि पुणे हे गावही घातलं. कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. जे खरं होतं ते तिने एका माणसाला घेता येऊ नये अशा हाताने पुढे केलं होतं, आणि हे तिला पुरेपूर कळत होतं. तिला लाज वाटली नाही. तो माणूस चारचौघांत उघडा पडलेला तिला बघायचा होता, त्यासाठी ती अकरा वर्षं झोपेवाचून राहिली होती.

चौथ्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं. सरांच्या चिटणिसाचं. ‘प्राध्यापकसाहेबांस कोणत्याही कारकुनी तक्त्याची आवश्यकता नाही. ते स्वतःच्या सूत्राने वटी घेतील.’ केतकीने उत्तर वाचलं, ‘नोंद घेतली’ असं लिहून पाठवलं आणि चहा टाकला.

परिषदेच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या दिवाणखान्यात प्रतिनिधी जमले. केतकी नावाच्या पट्ट्या वाटत होती. केनियाचे डॉ. ओटिएनो, सत्तरीचे, सावकाश बोलणारे, हातात घडी घातलेली प्रवासमाहिती घेऊनच आले.

“मॅडम, मी टॅक्सीवाल्याला उंबर सांगितला,” ते आनंदाने म्हणाले. “तो म्हणाला, माझ्या आजोबांनी पाहिला होता. आणि कलम बारामधली सोमवारी संग्रहालय बंद असल्याची सूचना फार उपयोगी पडली.”

“तुम्ही बारापर्यंत वाचलंत?”

“मी सगळं वाचतो. लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेले असतात.”

तेवढ्यात माटेगावकर सर आले. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. आवाजही तोच, खोलीभर पुरणारा. “अठ्ठावीस तासांचा प्रवास, साडेअकरा तासांचा फरक, आणि झोपेचं नाव नाही!” ते भोवतालच्या घोळक्याला सांगत होते. “दोन दिवस झाले, जांभईसुद्धा नाही. बसल्या बसल्या भाषण पुन्हा लिहून काढलं. असं हलकं मला तरुणपणीही वाटलं नव्हतं.”

केतकी हातातल्या पट्ट्या लावत राहिली. पहिला आठवडा तिलाही असंच हलकं वाटलं होतं. पंखांखाली हवा आल्यासारखं. मग दुसरा आठवडा आला होता.

सर टेबलापाशी आले. क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग ओळख पटली. “अरे, केतकी! इकडे असतेस? बरं आहे, काहीतरी काम मिळालं ना तुला.” त्यांनी मान वाकवून पट्टी गळ्यात घालून घेतली. माहितीपत्रकाची त्यांची प्रत तिने पुढे केली, तर म्हणाले, “ते राहू दे गं, मला कुठे चुकायचंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सभागृह भरलं. चारशे माणसं, प्रत्येकाच्या कानात कर्णयंत्र. केतकी मागच्या दाराशी उभी होती.

सर सुंदर बोलले, हे कबूल करायला हवं. माणूस आजवर सूर्याचा नोकर होता, आता मालक झाला, असं काहीबाही म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. मग त्यांनी पडदा उजळायला सांगितला. आधी इतर प्रतिनिधींच्या तापरेषा आल्या. चारशे लाटा, चढणाऱ्या, उतरणाऱ्या, सगळ्या साडेअकरा तास, दहा तास, सात तास सरकून इथल्या दिवसाशी जुळलेल्या. मग मार्सेलाने सगळ्यांसमोर सरांच्या नोंदीचं सील तोडलं.

पडद्यावर एक आडवी रेघ आली. प्रवासाच्या पहिल्या काही तासांत उतरणारी लाट होती. ती तळाला टेकली आणि तिथून पुढे तीन दिवस रूळ टाकावा तशी सरळ गेली.

सरांनी मागे वळून पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं. “यंत्र बिघडलेलं दिसतंय,” ते हसून म्हणाले.

पहिल्या रांगेतून डॉ. ओटिएनो सावकाश उठले. “क्षमा करा, प्राध्यापक. आम्ही सगळे तुमच्याच निकषावर शिकलो. त्यात म्हटलं आहे, सपाट रेषा जिवंत शरीराची असू शकत नाही. पट्टी अंगावर नव्हती असे समजावे. आणि पुढचं वाक्य आहे, यंत्र बिघडल्याची सबब ग्राह्य धरू नये.”

“पण पट्टी माझ्या दंडाला आहे! ही बघा! मी तीन दिवस झोपलेलो नाही!”

“झोप न येणं हा पुरावा धरायचा, असं निकषात नाही,” ओटिएनो तितक्याच अदबीने म्हणाले. “ही नोंद दुसऱ्या कुणाची असती तर आपण स्वतः काय म्हटलं असतं?”

सभागृहात कुजबुज वाढत गेली. कुणीतरी गरम पाण्याची पिशवी म्हणालं आणि कुणीतरी हसलं. सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांची नजर रांगांवरून फिरत फिरत मागच्या दारावर आली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी ध्वनिक्षेपक बाजूला सारला आणि चारशे परक्या माणसांच्या डोक्यावरून घरातल्या घरात बोलावं तसं मराठीत विचारलं :

“केतकी, सांग ना यांना! तुझीही अशीच आली होती!”

चारशे कर्णयंत्रांनी ते वाक्य एक्केचाळीस देशांना सांगितलं. चारशे माना मागे वळल्या. केतकीला सहावं कलम आठवलं. सरांनी ते वाचलेलं नव्हतं. तिला थांबवता आलं असतं. ती नुसती दारापासून दोन पावलं पुढे आली.

“माझी तर बनावट होती ना, सर?” तीही मराठीतच म्हणाली.

“अगं, आता ते उगाळायची वेळ आहे का? बनावट नव्हती हे तुला माहितीय, मला माहितीय!”

“तुम्हाला कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून! मी स्वतः रेषा बघितली होती, पट्टी तुझ्या हातावर होती. पण तेव्हा वटी बंद पडली असती, संस्था बंद पडली असती. कुणाला तरी पुढे करावं लागतं. तुझं वय होतं, तू सावरशील असं वाटलं. आता यांच्या भाषेत एवढंच सांग की अशी रेषा येते. बाकी आपण दोघं नंतर बघू. तुला पुण्यात परत घेतो.”

सभागृहात इतकी शांतता झाली की सरांनाच ती लागली. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ओटिएनोंनी कानातलं यंत्र काढून तळहातावर ठेवलं होतं आणि ते त्याकडे बघत होते. सरांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

केतकीने पर्समधून एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला होता. “मला साक्ष द्यायला आवडली असती, सर,” ती म्हणाली. “पण माझी साक्ष कोणत्याही शास्त्रीय व्यासपीठावर ग्राह्य धरू नये, असा ठराव आहे. खाली तुमची सही आहे. तो आधी मागे घ्यावा लागेल.”

“घेतला,” सर म्हणाले. आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही, पण यंत्रांनी तो पोचवला.

“आणि तळक्षणाचा नियम कुणाचा?”

“तुझा.”

तेव्हा केतकी व्यासपीठावर चढली. “रेषा खरी आहे,” तिने सांगितलं. “प्राध्यापकांनी आज लबाडी केलेली नाही.” आज हा शब्द तिने जरा सावकाश उच्चारला. मग तिने स्वतःची बाही वर केली, तीन आठवडे दंडाला लावलेली पट्टी काढून मार्सेलाच्या हातात दिली, आणि पडद्यावर दुसरी आडवी रेघ आली. अकरा वर्षं मनात घोळवलेला क्षण होता हा. तो तिला हवा होता तितकाच गोड लागला. त्यात कुठेही कडवट काही नव्हतं, उगाच खोटं कशाला बोला.

तासाभराने सर मागच्या खोलीत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले तिला सापडले. सन्मानाची शाल शेजारच्या खुर्चीवर घडी न मोडता पडली होती.

“हे असंच राहतं का?” त्यांनी विचारलं. “कायमचं?”

“परतीची वटी घ्या. कधीही चालते. शेवटच्या पानावर लिहिलंय.”

त्यांनी खिसे चाचपले, पाकीट सापडलं. “तुझ्याकडेही असेल ना? तूही घे. आत्ताच, माझ्याबरोबर. दोघंही सुटू या यातून.” पुन्हा तोच आवाज, तळघरातला. अगं, तूच घे.

केतकीने मान हलवली. “बंद घड्याळ धक्क्याच्या क्षणापासून सुरू होतं, सर. दोघांनी एकाच क्षणी घेतली तर दोन्ही घड्याळं एका ठोक्यावर चालतील. तुम्हाला भूक लागेल तेव्हा मला लागेल. तुमचे डोळे मिटतील तेव्हा माझे मिटतील. ते मला एक दिवससुद्धा नको. तुम्ही घ्या.”

त्यांनी पाण्यावाचूनच गिळली. ती दार लोटून बाहेर आली.

बाहेर लख्ख ऊन होतं. ती चालत चपलांच्या दुकानापर्यंत आली आणि सावलीला थांबली. आता कधी घ्यायची? सहा तासांनी घ्यावी, म्हणजे सरांपासून पाव दिवस लांब. नाहीतर बारा तासांनी, म्हणजे बरोबर उलट. ते झोपतील तेव्हा आपण जागे. ती बोटांवर मोजू लागली आणि एकदम तिच्या ध्यानात आलं की प्रत्येक हिशेब सरांपासून सुरू होतोय. हे गाव पडलेल्या झाडापासून मीटर मोजतं, तसे आपण त्या माणसापासून तास मोजतोय. मोजत राहिलो तर तो आपल्या अंगातून जन्मभर जायचा नाही.

तिने मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, सकाळी खणातून बरोबर घेतलेलं पाकीट फोडलं आणि वटी तोंडात टाकली. किती वाजले होते, सरांनी घेऊन किती मिनिटं झाली होती, हे तिने बघितलं नाही. माफही केलं नाही.

दुकानाच्या पायरीवर ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने पाठीवर पिशवी लावलेली एक प्रतिनिधी, कोरियाची असावी, घामाघूम होऊन समोर उभी राहिली. परिषदेचं सभागृह कुठे आहे, तिने विचारलं; माहितीपत्रक विमानात राहिलं होतं.

“सोपं आहे,” केतकी म्हणाली. “इथे एक उंबर होता. त्याच्यापासून दोनशे मीटर...”

दक्षिणेला हा शब्द तिला पुरा करता आला नाही. मध्येच तिला जांभई आली.